पन्नास मिनिटांचा पेपर

४ सप्टेंबर
बाईंनी आज माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं. खेळाच्या शिक्षकांकडून मागून आणलंय. एकदा दाबलं की पळतं, पुन्हा दाबलं की थांबतं, परत दाबलं की थांबल्या जागेवरून पुढे. मी मदतीला जाते त्या मोठ्या माणसांच्या साक्षरता वर्गाच्या सराव परीक्षा मंगळवारपासून सुरू. पेपर चालू असताना बाई शेजारच्या खोलीत नवख्यांना शिकवणार आणि वेळ मी लावणार.

मी हो म्हटलं खरं, पण मी स्वतः कधी कुठल्या परीक्षेला बसलेली नाही. वाचायला शिकले ती दोऱ्याच्या रिळांवरची नावं बघत आणि बटणं ज्यात गुंडाळून येतात त्या जुन्या वर्तमानपत्रांवरून. अडतीस वर्षांची होते. हे रोज सकाळी मला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला वाचता येतं हे मी ह्यांना दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वाचायचे थांबले असते.

८ सप्टेंबर
पहिला सराव झाला. पेपर आधी देण्यावरून वर्गात वाद. रंगारी म्हणाला, शिकवून व्हायच्या आत परीक्षा घेणं म्हणजे ओल्या भिंतीवर दुसरा हात मारणं, पोपडेच निघणार. आयाबाई म्हणाली, मला तर कधीच नको. बाईंनी शांतपणे सांगितलं की आत्ता कळलं तर दुरुस्त करायला वेळ आहे, शेवटच्या आठवड्यात कळून काय उपयोग. सरावाचे संच चारच आहेत. एक आत्ता, दोन मध्ये, एक शेवटी. तोच पेपर पुन्हा दिला तर माणूस उत्तरं पाठ करून येतो, म्हणून जपून वापरायचे.

खरी परीक्षा दोनदा आहे. सतरा ऑक्टोबर आणि एकोणीस डिसेंबर. शंभरपैकी साठ हवेत. पण ऑक्टोबरात बसून आपटलं तर डिसेंबरात बसू देत नाहीत, एक खेप सोडावीच लागते. म्हणून सरावात साठ ओलांडणाऱ्यांचीच नावं बाई धाडतात.

माझा जीव भाऊजींमध्ये अडकलाय. माझे धाकटे दीर. इस्पितळाच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षं आहेत, शाळा दुसरीपर्यंत. आता नियम निघालाय की वर्षअखेरीपर्यंत हे प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर स्टोअर सोडून ओझी उचलायला जा, तेही कंत्राटावर. चोपन्न वय आणि कंबरेला पट्टा. त्यांना मीच वर्गात आणलं.

पेपर पन्नास प्रश्नांचा, पन्नास मिनिटांचा. वेळ आम्ही शिवणाच्या दुकानात लावतो तसाच लावला. आमचे टेलरमास्तर नव्या कपड्याला किती वेळ लागतो ते मोजतात तेव्हा धागा तुटला, बॉबिन संपली, गिऱ्हाईक आलं की घड्याळ थांबवतात. काम बंद असलेला वेळ कामात धरायचा नाही, हा न्यायच आहे. रंगाऱ्याची पेन्सिल मोडली, मी बटण दाबलं. आयाबाईनं चष्मा पुसला, दाबलं. भाऊजी विचार करताना पेन्सिल खाली ठेवतात, डावा अंगठा ओठाला लावतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. ह्यांचं अगदी तसंच होतं. पेन्सिल खाली म्हणजे काम बंद, म्हणून तेव्हाही दाबलं. उचलली की पुन्हा चालू. फायदा सगळ्यांना सारखाच, कुणावर अन्याय नाही.

घरी पोचेपर्यंत दूधवाला दार वाजवून निघून गेलेला.

११ सप्टेंबर
भाऊजींना चोपन्न. बाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला फार छान. भाऊजी जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. कंबरेचा पट्टा विसरले असावेत.

१८ सप्टेंबर
दुसरा सराव. मी आता तरबेज झालेय, बटण न बघता दाबते. भाऊजींचा पन्नासच्या पन्नास प्रश्नांना हात लागला. मला फार बरं वाटलं.

रंगाऱ्याची सहा-दहाची बस आजही चुकली. तो म्हणाला, वहिनींच्या तासाला साठ मिनिटं कमी पडतात. भाऊजी मला वहिनी म्हणतात म्हणून आता सगळा वर्गच म्हणतो. मीही हसले.

२२ सप्टेंबर
चौसष्ट! बाईंनी ऑक्टोबरच्या यादीत भाऊजींचं नाव लिहिलं. माझ्यासमोर, शाईच्या पेनानं.

संध्याकाळी धाकटी जाऊ गोड घेऊन आली. इतक्या वर्षांत माझ्या पाया पडायला वाकली नव्हती, आज वाकली. म्हणाली, ताई, तुमच्यामुळे आमचं घर उभं राहिलं. मी तिला उठवलं. मलाही थोडं तसंच वाटत होतं, खोटं कशाला लिहू.

२५ सप्टेंबर
दुकानाकडे इस्पितळाच्या उशांच्या खोळींचं काम आलंय. नग पोचवायला मीच गेले. तीन वर्षांत त्या दारातून आत गेले नव्हते.

भाऊजींनी स्टोअर दाखवलं. छतापर्यंत लोखंडी रॅक. कुठली वस्तू कुठं हे त्यांना जागेवरून आणि झाकणाच्या रंगावरून पाठ आहे. पण आता नवी खोकी येतात ती सगळी पांढरी, वर फक्त बारीक अक्षरं. ती ते बाजूला ठेवतात आणि दुपारी कुणी नसताना एकेक अक्षर लावत वाचतात. एका खोक्याला पाच मिनिटं. मला वाचून दाखवलं. बरोबर वाचलं. घाई केली नाही तर त्यांचं कधी चुकत नाही.

परतताना दुसऱ्या मजल्याच्या जिन्याशी तोच फलक. भेटीची वेळ चार ते सहा. त्या दिवशी सहाची घंटा झाली, हे म्हणाले, बस थोडी. मी म्हटलं, नियम आहे, उद्या येतेच की. पिशवी उचलली आणि निघाले. साडेसातला निरोप आला.

घरी येऊन खोळींची उरलेली चाळीस काजं पुरी केली.

२९ सप्टेंबर
तिसरा सराव. भाऊजींना किती मिळतील ते शुक्रवारी कळेल. पण लिहायचं ते दुसरंच आहे.

जिन्यात रंगारी बोटं मोजत उभा होता. म्हणाला, वहिनी, पाच वाजून पाच मिनिटांनी आपण सुरू करतो. पन्नास मिनिटांनी सुटलो तर सहाला पाच कमी. बस सहा-दहाची, थांबा समोरच. तरी ती तिन्ही सरावांना कशी चुकते? त्याला खरंच कोडं पडलं होतं. हसत होता.

मी बाईंना आडून विचारलं की खऱ्या परीक्षेत कुणाची पेन्सिल मोडली तर तेवढा वेळ घड्याळ थांबवतात ना? बाई पिशवी भरत होत्या. म्हणाल्या, छे हो, परीक्षेत घड्याळ कशाला थांबवतील? दुसरी पेन्सिल घ्यायची आणि लिहायचं.

 आज सुटलो तेव्हा शाळेच्या फाटकावरच्या घड्याळात सहा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. पाच-पाच ते सहा-एकोणीस. कागदावर तीनदा करून पाहिलं. चौऱ्याहत्तर मिनिटं.

१ ऑक्टोबर
काम सुचत नाही. चोपन्न आणि चौसष्ट, दोन्ही खोटे. पन्नास मिनिटांत भाऊजींना किती मिळाले असते, देव जाणे. ऑक्टोबरात आपटले तर डिसेंबर हातातून जातो, आणि वर्ष संपतं. नाव मागे घ्यायची मुदत सहा तारखेची.

बाईंना सांगितलं तर भाऊजींची चारचौघांत फजिती. नाही सांगितलं तर? कदाचित परीक्षेच्या दिवशी हात भरभर चालेलही. माणूस प्रसंग पडला की पळतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. मग वाटतं, मूठ माझी आहे, सव्वा लाख त्यांचे जातील.

२ ऑक्टोबर
भाऊजींना सत्तर. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

बाईंना सांगायचं ठरवून गेले होते. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे यंदा शिस्तीत चाललंय सगळं. मी घड्याळ पिशवीत घातलं आणि घरी आले.

४ ऑक्टोबर
भाऊजींकडे गेले होते, त्यांनाच आधी सांगावं म्हणून. जावेनं परीक्षेसाठी नवा सदरा आणलाय, खुंटीला लावून ठेवलाय. भाऊजी मला बघून म्हणाले, या परीक्षक. जाऊ सगळा वेळ बोलत होती, तिच्या बहिणीनं काय म्हटलं, शेजारीण कशी जळते. मी चहा घेतला. सदऱ्याचं एक बटण सैल होतं, ते पक्कं करून दिलं आणि उठले.

भाऊजी फाटकापर्यंत आले. काही बोलायचंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनाच काही बोलायचं असावं, पण तेही थांबले.

५ ऑक्टोबर
सांगितलं.

दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन बाईंकडे गेले. दुकानातली पद्धत, बटण, पेन्सिल, सगळं सांगितलं.  मला वाटलं बाई आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. त्यांनी विचारलं, सगळ्यांसाठी थांबवत होता की भाऊजींसाठी? मी म्हटलं, सगळ्यांसाठी. मग आठवून बघितलं. रंगाऱ्यासाठी दोनदा, आयाबाईसाठी तीन-चारदा. भाऊजींसाठी किती ते मोजता येईना.

बाई म्हणाल्या, चूक माझीही आहे, मी एकदाही येऊन पाहिलं नाही. चौथा संच परीक्षेच्या आठवड्यासाठी राखला होता. तो उद्याच फोडू. खरा वेळ, भिंतीवर घड्याळ लावून, आणि वेळ मी बघेन. निकाल लगेच तपासू, मुदत उद्याचीच आहे.

मी विचारलं, वर्गाला काय सांगायचं? म्हणाल्या, जे झालं ते.

६ ऑक्टोबर
बाईंनी सांगितलं, मी उभी राहिले. रंगारी म्हणाला, तरीच माझी बस. कुणी हसलं नाही. भाऊजी टेबलावरच्या जुन्या रंगाच्या डागाकडे बघत होते. आमचा वर्ग चित्रकलेच्या खोलीत भरतो.

पन्नास मिनिटं मी मागच्या भिंतीला पाठ लावून बसले. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली की माझा अंगठा आपोआप हलायचा. हातात काही नव्हतं.

रंगाऱ्याला बहात्तर. आयाबाईला बासष्ट. भाऊजींना चव्वेचाळीस, सतरा प्रश्न कोरे. जेवढे सोडवले त्यातले बावीस बरोबर. बाईंनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, नाव ठेवू की काढू, तुम्ही सांगा. ते म्हणाले, काढा.

जिन्यात मी त्यांना गाठलं. माफी मागायला तोंड उघडलं तर तेच म्हणाले, "वहिनी, बटणाचा आवाज येतो. टिक करून. मला पहिल्या दिवसापासून कळत होतं."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"चौसष्ट कुणाला नको असतात?" म्हणाले, आणि कठड्याला धरून खाली गेले.

९ ऑक्टोबर
जाऊ दुकानात आली. मास्तरांसमोर, दोन गिऱ्हाइकांसमोर बोलली. म्हणाली, शेजारीपाजारी सांगून झालं, नात्यात सांगून झालं, आता कुठल्या तोंडानं सांगू की नाव काढलं. तुम्हाला जमत नव्हतं तर हातात घ्यायचं नव्हतं. स्वतःच्या घरात माणूस राहिला नाही म्हणून दुसऱ्याच्या माणसाला लहान मूल करायचं का?

मी सुई खाली ठेवली नाही. ती गेल्यावर मास्तर म्हणाले, चहा सांगू का. मी नको म्हटलं.

तिचं शेवटचं वाक्य मला नीटसं कळलं नाही. रागात माणूस काहीही बोलतो.

१७ ऑक्टोबर
आज रंगारी आणि आयाबाई परीक्षेला बसले. भाऊजी कामावर गेले. सहा तारखेनंतर ते वर्गाला आलेले नाहीत. स्टॉपवॉच बाईंकडे परत दिलं होतं, त्यांनी ते पुन्हा माझ्या पिशवीत टाकलं. मी नको नको म्हणत होते.

२५ ऑक्टोबर
सकाळी भाऊजी आले. बायकोला सांगून आलो, म्हणाले. ती हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. त्यांना दर रविवारी सराव हवाय. बाईंसमोर नको, वर्गासमोर नको. मी म्हटलं, माझ्यावर भरवसा कसा ठेवता? ते म्हणाले, "चूक तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला पहिल्यापासून सांगायला लागेल."

पण पेपर आणायचे कुठून? चारही संच वापरून झाले. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुम्हीच काढा. मला वाटलं थट्टा करतायत. त्यांनी जुन्या पेपरांचा साचा दिला आणि ताकीदही. आठवड्यातून एकच, रोज नाही, रोज दिला तर माणूस शिकणं सोडून नुसता मोजत बसतो. आणि शेवटचा परीक्षेच्या दोन रविवार आधी. त्यानंतर बंद.

१ नोव्हेंबर
माझा पहिला पेपर. पन्नास प्रश्न काढायला सहा संध्याकाळी लागल्या. खोक्यावरची सूचना वाचा. बसचं वेळापत्रक वाचा. एका रॅकमध्ये अठरा खोकी, अशा सात रॅक, एकूण किती. त्याचं उत्तर माझंच पहिल्यांदा चुकलं.

घड्याळ टेबलाच्या मधोमध ठेवलं, त्यांनाही दिसेल असं. चाळिसाव्या मिनिटाला त्यांनी खिडकीकडे बघितलं. अंगठा ओठावर. मी हात मांडीखाली घेऊन बसले. अठ्ठेचाळीस.

१५ नोव्हेंबर
बावन्न. बाईंना विचारून एक युक्ती दिली. अडलं की खिडकी नाही, पुढचा प्रश्न. अडलेल्यावर टिंब करून पुढे जायचं. भाऊजींना पटत नाही. म्हणतात, अर्धवट सोडून पुढं जाणं म्हणजे पानात टाकून पुढचं वाढून घेणं. मी म्हटलं, मग उपाशी उठा.

पन्नास मिनिटं झाल्यावर ते लिहीतच होते. मी वेळ संपली म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. मी कागद ओढला, कोपरा फाटला.

२९ नोव्हेंबर
पन्नास. दोन आठवड्यांत पुढं जाण्याऐवजी मागं. रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल. मी म्हटलं, हा धरायचा नाही, पुढच्या रविवारी पुन्हा घेऊ. ते म्हणाले, हाही धरा.

मला भीती वाटते. नाव आता मागे घेता येईल, पण घेऊन करणार काय? त्यानंतर तारीखच नाही.

६ डिसेंबर
शेवटचा सराव. अडतीस, एकोणचाळीस, टिंब, टिंब, पुढे. खिडकीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मीच पाहत होते. शेवटच्या प्रश्नात दोन आकडी संख्या लिहायची होती, पहिला आकडा झाला होता आणि दुसऱ्याची शेपटी राहिली होती. पन्नास मिनिटं झाली.

"वहिनी, एवढंच," म्हणाले.

नाही म्हटलं, आणि कागद घेतला.

अठ्ठावन्न. ती शेपटी धरली असती तर साठ. धरली नाही.  मग भाऊजी म्हणाले, भूक लागली, आणि मी पानं घेतली.

१९ डिसेंबर
जाऊ आणि मी परीक्षेच्या इमारतीबाहेर बाकावर बसलो होतो. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण बाकाच्या टोकाला ऊन आल्यावर सरकून जागा दिली. आत घंटा झाली तशी तिनं माझं मनगट धरलं, तिला कळलंही नसावं.

भाऊजी सगळ्यांच्या शेवटी आले. नवा सदरा घामानं चिकटलेला. जावेनं विचारलं, किती राहिले? तीन, म्हणाले. शेवटच्यावर होतो, तेवढ्यात तिथल्या पर्यवेक्षक बाई आल्या आणि कागदासाठी हात पुढं केला.

मग? मी विचारलं.

"मग काय, दिला. वहिनी, त्या फार हळू घेतात. तुम्ही यापेक्षा जोरात ओढता."

जाऊ हसायला लागली ती थांबेचना. मग रडली. आम्ही तिघं बसथांब्यापर्यंत चालत आलो. निकाल तीस तारखेला.

२६ डिसेंबर
आठवडाभर लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसती धाकधूक. काल दुकानात एका कोटाला काजं उजवीकडं केली, बटणंही उजवीकडं.

३० डिसेंबर
जावेचा फोन दुकानात आला. बासष्ट, म्हणाली आणि ठेवून दिला. मिनिटभरानं पुन्हा केला. ताई, साठ लागतात ना? मी म्हटलं, हो. मग बासष्ट म्हणजे झालंच ना? मागून भाऊजींचा आवाज येत होता, अगं त्यांना किती वेळा विचारशील.

मी म्हटलं, झालं. तिनं मला आणखी एकदा म्हणायला लावलं.